टोमॅटोचा मुरांबा

बेटावर आम्हाला तीन तास दिले होते,
त्यातला एक जेवणाचा.
टूरवाल्या पोंक्ष्यांनी छत्री उंच धरून सांगितलं,
डावीकडे ग्रीकांची आळी, उजवीकडे तुर्कांची,
मध्ये ओढा होता, तो बुजवून रस्ता केलाय,
फोटो काढा, साडेतीनला धक्क्यावर या.

मी चुकले. चुकतेच.
द्राक्षाच्या मांडवाखाली शिरले
ती थेट एका बाईच्या अंगणात.
नर्मिन. वय माझ्याएवढं, गुडघे माझ्याहून वाईट.
तिच्या फोनमधली बाई छापील मराठीत म्हणाली,
‘हे घर आमचे नाव.’
मग थांबून, ‘हे घर आमचे नाही.’

चौकटीवर साल कोरणारे इथून बोटीत बसले
आणि नर्मिनची आजी तिकडून, क्रीटहून, बोटीतून इथे उतरली.
नमाज पढायची अरबीत, भांडायची तुर्कीत,
आणि टाके मोजायची ग्रीकमध्ये:
एना, दिओ, त्रिआ.
नर्मिनही तसेच मोजते.
दहाच्या पुढे तिला येत नाही,
दहा झाले की पुन्हा एक.

समोर देऊळ होतं, म्हणजे चर्च.
कुलूपबंद. घंटा शाबूत.
चावी कुणाकडे, विचारलं
तर फोनमधली बाई काहीच बोलली नाही.

निघताना नर्मिनने बरणी दिली, टोमॅटोचा मुरांबा, आत अख्खे बदाम.
‘तुमच्या बहिणीकरिता.’
मला बहीण नाही.
धक्क्यावर पोंक्षे लाल झाले होते.

*

नार्वेची फेरीबोट आज भरलेली नाही.
एक माशांची टेम्पो, पोदेराची सायकल, माझी स्कूटर,
आणि बरणी डिकीत, टॉवेलात गुंडाळून.
मागे देवळाचा कळस झाडांत जातो.
हा आमचा देव मूळचा पलीकडचा, दिवाडीचा.
पोर्तुगिजांच्या काळात रातोरात नदी ओलांडून आला, असं आई सांगायची;
कोणत्या होडीतून, कुणी वल्हवली, ते तिला माहीत नव्हतं,
आणि मला विचारायचं सुचलं तेव्हा ती नव्हती.

चार मिनिटांचं पाणी.
तिवरांच्या मुळांना चिखल, चिखलात एक चप्पल.

एर्मेलिंदा बाल्कांवात बसलेली, पायाला बँडेज.
डिचोलीच्या पोस्टात बावीस वर्षं
आम्ही एकाच टेबलावर शिक्के मारले.
तिला मी सगळं सांगितलं, ओढा, आळ्या, आजी, आकडे.
ती ऐकत होती की सुपारी कातरत होती, कळेना.
शेवटी म्हणाली, ‘थंय मनशांक व्हेलीं, देव उरलो.
हांगा देव गेलो, आमी उरलीं.’
आणि लगेच, ‘बरणी उघडता मगो? झांकण घट आसा.’

झाकण आम्ही दोघींनी मिळून उघडलं,
दाराच्या फटीत धरून, शिव्या देत.

तिने चमचा घातला. पहिला घास
तोंडात नाही,
फणसाच्या पानावर काढला
आणि पान नेऊन ठेवलं कुंपणाच्या गडग्यावर,
नार्वेच्या बाजूला.

‘कोणाक?’
‘कोण जाणा. मांय दवरताली.’

मग आम्ही पावाला लावून खाल्ला.
फार गोड. टोमॅटो आहे हे सांगावं लागतं.
बदाम तिला चावेनात, माझ्या बशीत टाकले,
मी मोजले नाहीत.

सहाच्या फेरीचा भोंगा झाला.
गडग्यावर मुंग्यांची रांग लागली होती,
काही येत होत्या, काही जात होत्या,
रिकामी बरणी तिने धुऊन परत दिली,
आत मूठभर मीठ घालून.
रिकामी बरणी द्यायची नसते.
हे मात्र
आम्हाला दोघींनाही
कुणी सांगावं लागलं नव्हतं.